ऐनावरचा नवशा

नवशा रोज सकाळी झाडाला हात देत असे. हात देणे हा शब्द माझा नाही, त्याचाच. पोशेरा गावाजवळच्या त्याच्या पाड्याखाली, ओढ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर ऐनाचे एक जुने झाड होते आणि त्यावर तांबड्या मुंग्यांची घरटी होती. जिवंत पाने एकमेकांना शिवून केलेली, काही नारळाएवढी, काही घागरीएवढी. आमच्या समुद्राकाठच्या गावी या मुंग्यांना हुमले म्हणतात आणि हुमल्यांचे झाड दिसले की माणूस वाट वाकडी करून जातो. नवशा मुद्दाम तिथे जाई. उजव्या हातात पेटलेली विडी धरून तो डावा हात कोपरापर्यंत फांदीला टेकवी, आणि विडी संपेपर्यंत काढत नसे. मुंग्या हातावर चढत, कातडीत जबडे रुतवत आणि मग पोट वाकवून त्या जखमेत आंबट, जळजळीत पाणी सोडत. विडी संपली की तो हात खाली घेई आणि एकेक मुंगी चिमटीत धरून उपटी. शिवी नाही, कण्हणे नाही.

"त्यांना माझी वळख लावतो," तो सांगे.

ओळख काही लागत नव्हती. हात सुजून दुधीभोपळ्यासारखा झालेला मी कितीदा पाहिला. पण नवशा सुजलेला हात माझ्यापुढे धरून अगदी गंभीरपणे म्हणे, "आज दोन कमी चावल्या."

मी त्या काळी जव्हार संस्थानात देवी टोचायच्या कामावर होतो. थंडी सुरू झाली की लशीची पेटी, एक बोचका आणि दोन-तीन पुस्तके घेऊन जव्हारहून निघायचे, मोखाड्याच्या बाजूचे पाडे पायी पालथे घालायचे आणि उन्हाळा लागता लागता परतायचे, असा माझा क्रम होता. गेल्या महिन्यात तिकडून आलेल्या एका माणसाने बुधी वारल्याचे सांगितले. बुधी ही नवशाची बायको. तिचा भाऊ रुपजी आधीच गेला होता. आता या हकिगतीने ज्याचे काही बिघडू शकेल असा मी एकटा उरलो आहे, आणि माझेही बिघडण्यासारखे फारसे राहिलेले नाही. म्हणून लिहितो.

त्यांच्या पाड्यावर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एकही माणूस दिसेना. चुलीवर मडकी रटरटत होती, कोंबड्या अंगणात होत्या, पण माणसे नव्हती. टोचणारा येतोय हे कळताच लोक पोरे घेऊन रानात पळत, त्याची मला सवय होती. खाली ओढ्याच्या वाटेवर मात्र एक काळा, सुकट माणूस झाडाला हात लावून उभा होता. जवळ गेलो तर हातावर मुंग्यांचा थर. त्याने मान वळवली. डावा डोळा उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती असतो तसा नुसता पांढरा.

"लोक कुठे गेले?" मी विचारले.

"तुला भ्याले. रानात गेले."

"आणि तू?"

त्याने माझ्या हातातली टोचणी पाहिली आणि तो असा हसला की विडीचा धूर त्याच्या नाकातून भसकन बाहेर आला. "ह्याला भ्याले? एवढेश्याला?" मग रानाकडे तोंड करून ओरडला, "ए बुधे! बाहेर ये! हा डाकतर बायकोपेक्षा बरा, एकदाच टोचतो!"

करवंदीच्या जाळीमागून बाईचा आवाज आला, "मंग त्याच्याच घरात जाऊन रांध न् खा!"

मी डॉक्टर नव्हतो, हे त्याला मी पुढे अनेकदा सांगितले. तो मला शेवटपर्यंत डाकतरच म्हणाला, आणि शेवटपर्यंत अरेतुरेच करत राहिला. ती माणसे सगळ्यांनाच अरेतुरे करतात. समोर राजा आला असता तरी नवशाने त्याला 'तू कवा आलास' असेच विचारले असते. त्या दिवशी त्याने आपली मांडी पुढे केली, कारण हातावर टोचायला कोरी जागा नव्हती. ते पाहून लोक एकेक करत बाहेर आले. जे आले नाहीत त्यांच्या पोरांना नवशाने बखोटीला धरून आणले. एका बापाने अडवले तेव्हा त्याच्या कानाखाली अशी वाजवली की तो खाली बसला. "देवीना मेला तर मुंग्या खातील पोराला," नवशा त्याला म्हणाला. "माला म्हाईत हाय मुंग्या कशा खातात."

ते त्याला कसे माहीत, हे दुपारी भाकर खाताना कळले.

दोन वर्षांपूर्वी बाहेरचा एक ठेकेदार त्या रानात सागाची तोड करत होता. ठेकेदार कधी कुणाला दिसत नसे. दिसे तो त्याचा मुकादम. पाड्यावरच्या माणसांना तो उजाडायच्या आत हाकलून नेई. नवशाची आई मेली त्या दिवशी नवशा तोडीवर गेला नाही. दुसऱ्या दिवशीही गेला नाही. तिसऱ्या दिवशी मुकादमाची माणसे आली, त्यांनी हातापायांना राख चोळली, नवशाला ऐनाच्या बुंध्याला दोराने आवळले आणि लांब बांबूने वरचे एक घरटे फोडून त्याच्या डोक्यावर झटकले. मुकादम दहा-बारा हात लांब, झाडाची मोठी फांदी जिथे वाटेवर येते तिथे, छत्री उघडून उभा राहिला. वरून मुंग्या पडतात म्हणून छत्री. सगळ्या पाड्याला आणून समोर बसवले होते. बुधीला पुढे. सूर्य डोक्यावर येईपर्यंत हे चालले.

"पयल्यांदा वरडलो," नवशा सांगत होता. "मंग तोंडात शिरल्या, तवा तोंड मिटला. डोळे मिटले तर पापणीला चावत. हात बांधेल, चोळू कसा?"

डावा डोळा त्या दिवशी गेला. पण उजव्या डोळ्याने त्याला एक दिसले. फाटलेल्या घरट्याचा एक तुकडा त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर लोंबत होता. त्या पानाच्या आत एक अळी होती. मुंग्या चवताळून सगळीकडे धावत होत्या, दिसेल त्याला चावत होत्या. दोराला चावत होत्या, झाडाच्या सालीला चावत होत्या. त्याच मुंग्या अळीपाशी आल्या की थांबत, मिशांनी तिला गोंजारत आणि तिच्या मागच्या टोकाला तोंड लावून काहीतरी पीत.

"माला फाडला," तो म्हणाला, "न् तिला चाटला. एकाच येळेस. त्याच मुंग्या."

मी विचारले, "अळीचा रंग कसा होता?"

हे लिहिताना माझे कान तापतात. समोर एक डोळा गेलेला माणूस बसला होता, त्याची बायको चुलीपाशी आमच्याकडे पाठ करून बसली होती, आणि माझ्या तोंडातून निघालेला पहिला प्रश्न हा होता. कारण मुंग्यांच्या घरात वाढणाऱ्या अशा अळ्यांविषयी मी एका इंग्रजी पुस्तकात वाचले होते. त्यांची पुढे फुलपाखरे होतात, हेही वाचले होते. आणि त्या लेखकाला आपल्या बाजूच्या रानातले काही ठाऊक नव्हते. माझे काळीज आनंदाने धडधडत होते.

नवशाला राग आला नाही. त्याने घास थांबवला आणि नीट आठवून सांगितले, "मळकट हिरवी. पाठीवर पिंगट पट्टा. मागला टोक चपटा, कोणी पाय दिल्यासारखा." मग माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. "इतके लोकांना सांगितला. सगळे मुकादमाचा इचारतात. अळीचा कोणी इचारला नाय. तू इचारलास."

त्या दिवसापासून आमचे जुळले. त्याला काय हवे आहे हेही त्याने त्याच दिवशी सांगितले, काही लपवले नाही. "माला त्या झाडावर बसायचा हाय. दिस उगवायचे आधी चढायचा, न् मुकादम फांदीखाली येऊन हुबा राहील तवर बसायचा. तो वर बघायचा नाय. त्या झाडात माणूस हाय असा कोणाचे मनात येईल? अळी बसते, मी का नाय बसणार?"

"आणि मग?"

"मंग उतरेन," तो म्हणाला. कमरेचा कोयता त्याने बसल्या बसल्या थोडा सरळ केला.

मी ते न ऐकल्यासारखे केले. नीट ऐकले होते.

पुढच्या दोन थंड्यांत मी जे शिकलो ते सगळे नवशाच्या अंगावरून शिकलो. झाडावर तो चढे. राख फासून, बांबूच्या चिमट्याने घरटे हलकेच उघडे, आणि अळी असलेले पान देठासकट खाली सोडी. मी खाली भिंग घेऊन बसलेला असे. अळीच्या पाठीवर शेवटाकडे एक फट असते. मुंगीने मिशांनी तिथे टकटक केली की फटीतून दवासारखा एक थेंब येतो आणि मुंगी तो पिते. हे पाहायला मला एक महिना लागला. नवशाने ते उघड्या डोळ्याने, बांधलेल्या अवस्थेत, एकाच सकाळी पाहिले होते.

त्याला बघण्याची हौस दांडगी होती आणि त्यातही मारामारीची अधिक. एकदा शेजारच्या आंब्यावरच्या मुंग्या आणि ऐनावरच्या मुंग्या वाटेत भिडल्या. एकेका मुंगीला सहा-सहा जणी सहा पायांना धरून ताणत होत्या. ताणून ताणून ती फाटे, तरी धरलेला पाय कुणी सोडत नसे. जमिनीवर धडांचा आणि पायांचा तांबडा भुसा पडला. नवशा उकिडवा बसून दोन्ही बाजूंना सल्ला देत होता. "अगं मागून धर! मागून! हां. आता ही मेली. बघ, मेली तरी दात सोडत नाय. अशी पायजे बाय."

"ती बुधीसारखी आहे," मी म्हणालो.

"बुधी सोडते," तो म्हणाला. "दारू आणली की सोडते."

दुसऱ्या थंडीत मला भिंगातून ते दिसले, जे मी पुस्तकात वाचूनही खरे मानले नव्हते. अळी मुंग्यांची पिले खात होती. घरट्याच्या तळाशी पांढरी, मऊ, तांदळाच्या दाण्यांसारखी पिले रचलेली होती. अळी सावकाश त्यांच्यावर सरके, एकेक पिलू तोंडाखाली येई आणि नाहीसे होई; आणि त्याच वेळी पिलांच्या दाया तिच्या मागे उभ्या राहून तिचा रस पीत. मी नवशाच्या हातात भिंग दिले. तो बराच वेळ हलला नाही.

मी शिकलेला माणूस. मला लगेच अर्थ सुचला. म्हणालो, "नवशा, ही अळी म्हणजे तुमचा मुकादमच. गोड बोलून घरात शिरायचे आणि पोरे खायची."

त्याने भिंग खाली ठेवले. "मुकादम कधी गोड बोलला?" तो म्हणाला. "न् अळीला पोट हाय. ती खाते, मोठी होते, उडून जाते. मुकादमाचा पोट भरलेला व्हता. तू त्याला अळी बोलू नको."

त्यानंतर मी अळ्यांवरून माणसांचे काही सांगायचे सोडून दिले. लिहितानाही ते टाळतो आहे.

त्याच थंडीत मी एक घोडचूक केली. चित्रे काढण्यासाठी आणि मुंबईच्या एका निसर्ग-अभ्यासक मंडळाला लिहिण्यासाठी मला अळ्या जव्हारला न्यायच्या होत्या. नवशाने तीन दिवस अंग फोडून घेऊन अकरा अळ्या काढल्या. मी त्या सगळ्या एका जाड बांबूच्या नळीत, ताज्या पानांसकट, वर फडके बांधून ठेवल्या. ओझे उचलायला नवशा बरोबर होता. जव्हारला माझ्या खोलीत फडके सोडले तर आत एकच अळी. फुगलेली, सुस्त. बाकीच्यांची नुसती कातडी, आणि एका जागी अर्धी राहिलेली एक. मुंग्यांमध्ये महिनोन्महिने शांतपणे राहणाऱ्या अळ्यांनी घरटे आणि मुंग्यांची पिले नसताना एकमेकींना खाऊन टाकले होते.

नवशाने नळीत पाहिले, मग माझ्या थोबाडीत दिली. माझा चष्मा भिंतीवर जाऊन आपटला. त्याच्या दोन्ही हातांवर त्या अकरा अळ्यांसाठी झालेले फोड अजून ओले होते. थोड्या वेळाने त्यानेच चष्मा उचलला, एका भिंगाला तडा गेला होता, आणि तो माझ्या नाकावर नीट बसवला.

"आता तुझा बी एकच," तो म्हणाला आणि हसत सुटला. हसता हसता थांबून म्हणाला, "त्यांना एकेकटा ठेवायला पायजे. एका नळीला एक."

उरलेली ती अळी मी टेबलावर ठेवली आणि हात धुवायच्या आधी सहज एक प्रयोग केला. तिच्या पाठीवर पानाच्या देठाने टकटक करून निघालेला थेंब माझ्या तर्जनीला लावला आणि पानांबरोबर आलेल्या पाच-सहा मुंग्यांपुढे ते बोट धरले. त्या बोटावर चढल्या. मिशा फिरवल्या. चाटू लागल्या. चावली नाही एकही. मी मनात तीसपर्यंत मोजले असेल. मग मुंग्या झटकल्या आणि वहीत टिपून ठेवले.

नवशा दारात उभा होता. "माणसाला बी चालतां," तो म्हणाला.

मी म्हणालो, "असे दिसते."

एक बोट. पाच-सहा मुंग्या, त्याही घरापासून तोडलेल्या, तीन दिवस उपाशी. तीस अंक मोजण्याइतका वेळ. यावरून कुठलाही शहाणा निरीक्षक काही बोलला नसता. तिसाऐवजी मी तीनशे मोजले असते, तर थेंब चाटून संपल्यावर काय होते ते मला तिथेच कळले असते. अळी दर घडीला नवा थेंब देते. तिचे शरीरच तसे आहे. माझ्या बोटावर होता तो एकच. हे सगळे आज मला स्वच्छ दिसते. तेव्हा मी फक्त "असे दिसते" म्हणालो, आणि तो आनंदाने पोशेऱ्याला परत गेला.

पुढच्या वर्षी मी गेलो तेव्हा त्याच्या झोपडीच्या वळचणीला बांबूच्या नळ्या टांगलेल्या होत्या. साठ-सत्तर तरी असतील. प्रत्येकीत एक अळी, थोडी पाने आणि मूठभर मुंग्या. वारा आला की नळ्या एकमेकींवर आपटून वाजत. बुधी कपाळावर हात मारून म्हणाली, "घरात खायला नाय न् हा अळ्यांना मुंग्यांची अंडी भरवतो. डाकतर, तुना याला येडा केला." मला त्या नळ्या पाहून फार बरे वाटले. माझ्या अभ्यासासाठी एवढे कुणी कधी केले नव्हते. काही नळ्यांत कोष झाले होते. एकातून माझ्यादेखत फुलपाखरू निघाले. तांब्यासारखी झाक असलेले, मागे केसासारख्या शेपट्या. नळीतल्या मुंग्या, ज्या काल त्या कोषावर बसून होत्या, त्यांनी क्षणात त्याचे दोन पाय धरले. एक पाय तोडून देऊन ते निसटले आणि दारातून उडाले.

"आता ती परकी झाली," नवशा म्हणाला. "वास गेला तिचा."

तोड पुन्हा सुरू होणार आणि तोच मुकादम येणार, ही बातमी त्याच आठवड्यात आली. मी नवशाला विचारले नाही. टोचून झाले आणि पुढच्या पाड्यांकडे निघालो. टोचल्यावर आठव्या दिवशी फोड तपासायला परत यावे लागते. मी परत आलो, तो त्याच सकाळी.

पाड्यावर नेहमीप्रमाणे कुणी नव्हते, पण या वेळी लोक मला भिऊन पळाले नव्हते. वळचणीच्या नळ्या सगळ्या उतरलेल्या होत्या. अंगणात दगडी वरवंटा पडला होता, त्याला हिरवट चिकटा लागलेला, आणि शेजारी मोहाच्या तेलाचे रिकामे मडके. मग माझ्या ध्यानात आले की नवशाने सगळ्या अळ्या ठेचून तेलात कालवल्या होत्या.

मी खाली ऐनाकडे गेलो. पाड्यावरची सारी माणसे वाटेच्या कडेला बसवलेली होती. बुंध्याला रुपजी बांधलेला होता, बुधीचा धाकटा भाऊ. त्याचा अपराध काय हे मला पुढेही नीट कळले नाही. आदल्या दिवशी उलट बोलला होता म्हणे, आणि सकाळी त्याला झाडाला बांधणार हे रात्रीच पाड्याला कळले होते. घरटे फोडून झाले होते आणि रुपजी किंचाळत होता. मुकादमाची दोन माणसे कुऱ्हाडींवर रेलून उभी होती. मुकादम फांदीखाली, वाटेवर, छत्रीत. गोरा, जाडसर, कपाळावर गंध. तो काही बोलत नव्हता. शांतपणे सुपारी चघळत होता.

मी वर पाहिले. इतर कुणी पाहत नव्हते. फांदीवर, दोन घरट्यांच्या मध्ये, एक तांबडी गाठ होती. आधी मला ते तिसरे घरटे वाटले. मग त्यात हात दिसला, कोयता दिसला. अंगावर कातडी म्हणून दिसतच नव्हती. मुंग्यांवर मुंग्या होत्या. रस केव्हाच चाटून संपला होता. तो किती वेळ तसा बसला होता, देव जाणे. आवाज नाही. मी तोंड पाहिले. उजवा डोळा सुजून मिटला होता, त्या जागी नुसता फुगा होता. डावा तर आधीच गेलेला.

तो उतरत का नाही ते मला तेव्हा समजले. मुकादम नेमका कुठे उभा आहे हे त्याला दिसत नव्हते. तो आवाजाची वाट पाहत होता, आणि मुकादम बोलत नव्हता. कान देऊन ऐकावे तर रुपजीच्या किंकाळ्या. आणखी थोडा वेळ गेला असता तर तो आपोआपच खाली पडला असता, वाटेल तिथे.

मी आयुष्यात कुणाच्या अंगावर हात उचललेला नाही. लशीची टोचणीही मला नीट जोराने मारता येत नसे. मी चार पावले पुढे गेलो, मुकादमापासून थोडा दूर थांबलो आणि मोठ्याने विचारले, "मुकादम, तुम्हाला देवी टोचलेल्या आहेत का?"

त्याने मला पाहायला छत्री बाजूला घेतली. "कोण रे तू?" तो म्हणाला. "मला काय विचारतोस? लहानपणीच टो…"

नवशा उतरला.

कोयता मानेत लागला. एकच घाव; दुसऱ्याची गरज नव्हती. दोघे मिळून वाटेवर पडले, छत्री खाली मोडली, आणि नवशाच्या अंगावरच्या मुंग्या मुकादमाच्या तोंडावर पसरल्या. ती दोन माणसे एक क्षण दगडासारखी उभी राहिली. मग त्यांनी कुऱ्हाडींच्या मागच्या बाजूने नवशाला मारायला सुरुवात केली. डोक्यावर, पाठीवर, पुन्हा डोक्यावर. नवशाने एकदाही हात वर केला नाही. तो मुकादमाला घट्ट धरून पडला होता. त्यांना थांबवायला मी धावलो, असे मला लिहिता येत नाही. बुधी धावली. मग सगळा पाडा उठला आणि त्यांच्या हातातले दगड पाहून ती माणसे ओढ्याकडे पळाली.

चौकशीला अंमलदार आले तेव्हा मी सांगितले की मी फोड तपासायला आलो होतो आणि झाडावर माणूस आहे हे मला ठाऊक नव्हते, तो अचानक पडला. सुशिक्षित माणसाचा जबाब म्हणून तो खरा धरला गेला. मुंबईच्या मंडळाकडून पत्र आले होते, अळ्यांचे पुढे काय झाले, निरीक्षणे कळवावीत. मी उत्तर दिले नाही. वही अजून माझ्यापाशी आहे. त्या एका बोटाची नोंद तिच्यात तशीच आहे, शाई मात्र पिवळी पडली आहे.

त्या दिवशी नवशाचे प्रेत झोपडीपुढे आणून ठेवल्यावर बुधी त्याच्या अंगावरच्या मुंग्या काढायला बसली. मीही समोर बसलो. मुंगी ओढली की धड हातात येई आणि डोके कातडीत तसेच राही. एकेक डोके नखाने उपटावे लागत होते. बायका रडत होत्या, बुधी रडत नव्हती. तिच्या पदरावर तांबड्या डोक्यांचा लहानसा ढीग झाला होता.

"तुना मुकादमाला इचारलास," ती मान वर न करता म्हणाली.

"हो."

"तुला म्हाईत व्हता, तो वर हाय."

"हो."

तिने पुन्हा एक डोके उपटून पदरात टाकले.

"मंग एकटा नव्हता तो," ती म्हणाली, आणि नवशाचा एक पाय तिने उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "हा तू कर. मी दुसरा करते."